कारंज्याची झेडडी आणि एक तडकलेले दंतचक्र

मागच्या दिवाळीत आम्ही कारंज्याला घरी गेलो होतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत भाच्याला एक खेळण्यातली आगगाडी सापडली. आमच्या काकांनी ती १९८६ साली मुंबईहून आणली होती. सुट्या भागांचा परदेशी संच होता तो. इंजिन, तीन डबे, रूळ, सगळे घरी जुळवायचे. काकांनी आणि आम्ही मिळून ते जुळवायला एक आख्खी उन्हाळ्याची सुटी घेतली होती. भाच्याने रूळ पुसले, वीज जोडली. मोटर गुणगुणली, चाके मात्र हलेनात. इंजिन उघडल्यावर दोष लगेच दिसला. प्लॅस्टिकचे एक दंतचक्र आसापासून कडेपर्यंत उभे तडकले होते आणि आसावर नुसते घसरत होते.

एवढेसे चक्र, बोटाच्या नखाएवढे. आम्ही उत्पादकांना पत्र लिहिले. उत्तर सभ्य भाषेत आले: हा संच बनवणे पूर्वीच थांबले आहे, त्याचे साचे आता नाहीत, सुटे भाग मिळणार नाहीत.

भाचा म्हणाला, "मग मामा, गाडी संपली?" त्याला उत्तर देण्याआधी आम्हाला गावच्या दुसऱ्या गाडीची आठवण झाली. खेळण्यातली नव्हे, खरी. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडले, १९२३ पासून आमच्या रुळांवर धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. सत्तर वर्षांहून अधिक काळ! एवढ्या काळात त्याचे किती नट, किती दट्ट्यांच्या कड्या, किती बेअरिंगे झिजली असतील? मँचेस्टरमधले वाफेच्या इंजिनांचे मोठे कारखाने तर कधीच बंद झाले होते. नॅस्मिथ विल्सनचे इंजिनांचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबले आणि बेयर पीकॉकचा कारखाना १९६६ साली मिटला. आपल्याकडे चित्तरंजनच्या कारखान्यानेही १९७२ नंतर वाफेचे इंजिन बनवले नाही. मग कारंज्याचे इंजिन १९९४ पर्यंत कसे चालले? आणि आमचे खेळणे पस्तीस-चाळीस वर्षांतच का अडले?

ही गाडी म्हणजे आपली 'शकुंतला'. मूर्तिजापूरपासून एक फाटा उत्तरेला अचलपूरकडे आणि दुसरा कारंजा, दारव्हा असा यवतमाळपर्यंत, ११३ किलोमीटरचा. मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभारली आणि त्या दशकात वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर नेण्यासाठी हे रूळ वापरात आले. कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, तेथून मुंबई आणि मुंबईहून मँचेस्टर. इंजिन त्याच वाटेने उलटे आले. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हा मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचाच राहिला, गाडी चालवायची मात्र सरकारी रेल्वेने. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी.

आपल्या जिल्ह्यात रुळांच्या रुंदीचा पाठ शिकवायला फार चांगली सोय होती. कारंज्याच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. वाशीम गावावरून जाणारा पूर्णा-अकोला मार्ग २००८ पर्यंत मीटरगेज होता, म्हणजे १००० मिलिमीटर. आणि कारंज्याहून मूर्तिजापूरला उतरले की समोर ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. रेल्वेने इंजिनांची वर्गवारी करताना या रुंदीलाच पहिले अक्षर दिले: सुरुवातीला ब्रॉडगेजला एक्स (पुढे डब्ल्यू), मीटरगेजला वाय, अडीच फुटीला झेड. म्हणून आमचे इंजिन 'झेडडी' वर्गाचे. यातला 'डी' डिझेलचा नव्हे, तो वाफेच्या इंजिनाचा प्रकार सांगतो. डिझेलवरच्या नॅरोगेज इंजिनांच्या 'झेडडीएम' या नावात मात्र तो डिझेलचाच. मुलांची येथे हमखास गल्लत होते. आमचीही झाली होती.

आता सुट्या भागांकडे वळू. बंद झालेल्या यंत्राचा भाग मिळवायचे मार्ग तीनच. पहिला सगळ्यांना ठाऊक आहे: मोडीत निघालेल्या दुसऱ्या यंत्राचा काढून बसवायचा. हा मार्ग दरवेळी एक यंत्र कमी करतो आणि एक दिवस शेवटचे यंत्र उरते. दुसरा मार्ग, मूळ नकाशावरून नवा भाग घडवायचा. तिसरा, नकाशा नसेल तर जुना भाग समोर ठेवून त्याची नक्कल करायची. रेल्वेच्या कार्यशाळा दुसऱ्या मार्गाने तगल्या. नकाशे जपणे आणि प्रमाण ठरवणे हे आपल्याकडे एका स्वतंत्र संस्थेचे काम होते. १९३० साली सुरू झालेले सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस १९५७ साली चाचणी-संशोधन केंद्राशी जोडले गेले आणि लखनौची 'आरडीएसओ' ही संस्था झाली. कारखाना बुडाला तरी नकाशा बुडत नाही, अशी ही व्यवस्था.

पण नुसत्या नकाशाने भागत नाही. नकाशावर 'अर्धा इंची बोल्ट' असे लिहिले असेल, तर अर्धा इंच म्हणजे जाडी झाली. आटे किती? त्यांची खोली किती? कोन किती? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचे याला वेगळे उत्तर होते. लंडनचा नट मँचेस्टरच्या बोल्टवर बसत नसे. एवढेच काय, एकाच कारखान्यातला नट शेजारच्या बोल्टवर बसेल याची खात्री नसे, म्हणून यंत्र खोलताना नट-बोल्टांच्या जोड्यांवर खुणा करून ठेवत.

हा गोंधळ निस्तरला तो जोसेफ व्हिटवर्थ या कारागिराने. लंडनला हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात हात बसलेला हा माणूस १८३३ साली मँचेस्टरला येऊन स्वतःचे काम करू लागला. त्याने काय केले पाहा. आदर्श आटा कोणता याचे गणित मांडत तो बसला नाही. त्याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून वापरातले बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांच्या सरासरीवरून १८४१ साली एक तक्ता सुचवला. आट्यांचा कोन सर्वत्र ५५ अंश, शिखरे आणि खाचा गोलसर, आणि जाडीनुसार दर इंचाला आट्यांची ठराविक संख्या. अर्ध्या इंचाला १२ आटे. रेल्वे कंपन्यांनी तो उचलला आणि पुढच्या काही दशकांत ब्रिटनमधले बहुतेक कारखाने तेच आटे पाडू लागले.

५५ अंशांत काही दैवी नाही. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंश सुचवले, कारण तो कोन मोजायला आणि घडवायला सोपा. अर्ध्या इंचाला त्याने १३ आटे धरले. व्हिटवर्थचे १२, सेलर्सचे १३. एका आट्याच्या या फरकाने दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची एवढी अडचण केली, की १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी बसून एक सामाईक आटा ठरवला. वर्गात हा फरक हाताने दाखवता येतो. अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टचे दोन लगतच्या आट्यांमधले अंतर २५.४ भागिले १२, म्हणजे सुमारे २.१२ मिलिमीटर. आजच्या १२ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचे १.७५. मुलांना दोन्ही बोल्ट एकमेकांना टेकवून उजेडाकडे धरायला सांगावे. दोन-तीन आटे जुळल्यासारखे वाटतात, चौथ्यापासून फट दिसू लागते. भारताने मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली केला. जुन्या इंग्रजी इंजिनांच्या शेडमध्ये त्यानंतरही इंची पान्यांचा आणि इंची टॅपांचा संच वेगळा जपावा लागे, तो यामुळेच.

झेडडी इंजिन टिकले त्याचे अर्धे उत्तर येथे आहे, असे आम्हाला वाटते. त्याच्या जन्माच्या ८० वर्षे आधी त्याच्याच गावी ठरलेला आटा जगभर पसरला होता. मँचेस्टरला इंजिनाचा कारखाना उरो न उरो, टॅप आणि डाय असलेला कुठलाही फिटर त्याचा बोल्ट पाडू शकत होता. खेळण्यांतही हा आटा आला. फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली पेटंट घेतलेल्या आणि पुढे 'मेकॅनो' म्हणून गाजलेल्या संचातले स्क्रू ५/३२ इंची व्हिटवर्थ, इंचाला ३२ आटे. त्याचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद झाला, तरी ते स्क्रू आजही नव्याने पाडता येतात.

तिसरा मार्ग, नकलेचा, दिसतो तेवढा सरळ नाही. समजा, बिडाचा एखादा तुकडा मोडला आहे आणि नकाशा नाही. तो तुकडाच वाळूत दाबून साचा केला आणि ओतला, तर काय होईल? बीड गोठताना आणि निवताना सुमारे १ टक्का आकसते. ५०० मिलिमीटरचा भाग ४९५ चा होतो. ही नक्कल पुढे नमुना म्हणून वापरली तर तिची नक्कल ४९० ची. त्यात मूळ तुकडा झिजलेला असेल तर ती झीजही साच्यात उतरते. म्हणून ओतशाळेतले सुतार लाकडी नमुने बनवताना मुद्दाम लांब आखलेली फूटपट्टी वापरतात. बिडासाठीची पट्टी मीटरमागे साधारण १० मिलिमीटर वाढीव, पोलादासाठीची त्याच्या जवळजवळ दुप्पट. पट्टीवर 'एक फूट' लिहिलेले असते, पण तो फूट नसतो! नव्या उमेदवाराने चुकून ही पट्टी लेथवर नेली तर दिवसभराचे काम वाया.

काही भागांची नक्कल करायलाही वेळ मिळत नाही. १९३० च्या दशकातल्या खेळण्यांच्या इंजिनांची चाके जस्ताच्या मिश्रधातूची असत. संग्राहकांच्या कपाटात नुसती ठेवलेली ही चाके आपोआप फुगतात, त्यांना भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा भुगा होतो. कारण मिश्रधातूत शिरलेले किंचित शिसे. ते स्फटिककणांच्या सीमांवर साठते आणि दमट हवेत तेथून गंज आत सरकतो. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून मिश्रधातू बनवून यावर उपाय काढला, पण भट्टीत शिशाचा किंवा कथलाचा भंगार तुकडा पडला की रोग पुन्हा हजर. फुगलेल्या चाकाचे मोजमाप घेणे म्हणजे सुजलेल्या पायाचे माप देऊन जोडा शिवणे.

हे आम्हाला ठाऊक होते. तरी आम्ही आमच्या चक्राबाबत नेमकी तीच चूक केली.

दंतचक्राची ओळख पटवायला दोन गोष्टी लागतात: दातांची संख्या आणि दाताचा आकार. मेट्रिक पद्धतीत दाताच्या आकाराला मॉड्यूल म्हणतात आणि ते काढायची युक्ती सोपी आहे. चक्राचा बाहेरचा व्यास मोजायचा आणि दातांच्या संख्येत २ मिळवून त्या बेरजेने भागायचे. आमच्या चक्राला २८ दात. व्हर्नियरने व्यास भरला १२.३ मिलिमीटर. १२.३ भागिले ३० म्हणजे ०.४१. आता आली पंचाईत. मेट्रिक चक्रांत ०.४ असते. इंची पद्धतीत व्यासाच्या एका इंचामागे दात मोजतात. ६० दातांचे चक्र मेट्रिकमध्ये ०.४२३ येते आणि ६४ चे ०.३९७. आमचे ०.४१ कुठेच बसेना. दोन दिवस आम्ही व्हर्नियरलाच दोष दिला.

मग भाच्याने विचारले, "तडकलंय ना ते, मग मोठं झालं नसेल का?" खरेच की! हे चक्र पोलादी आसावर घट्ट ठोकून बसवलेले होते. छिद्र आसापेक्षा किंचित लहान, त्यामुळे प्लॅस्टिक सतत ताणलेले. वर्षानुवर्षांच्या त्या ताणानेच ते तडकले आणि तडकल्यावर फाकले. म्हणजे आम्ही चक्र मोजत नव्हतो, चक्र अधिक भेग मोजत होतो.

उपाय शेजारीच होता. तडकलेल्या चक्राशी जुळणारे दुसरे चक्र पितळेचे, २० दातांचे, अगदी धड. त्याचा व्यास ८.८ मिलिमीटर, २२ ने भागून ०.४. जुळणारी चक्रे एकाच मॉड्यूलची असावी लागतात. ताळा म्हणून दोन आसांमधले अंतर मोजले. दोन्ही चक्रांचे दात मिळून ४८, गुणिले ०.४, भागिले २, म्हणजे ९.६ यायला हवे. तेवढेच आले. इंची ६४ चे असते तर ९.५३ च्या आसपास आले असते. फरक फक्त ०.०७ मिलिमीटर, पण तेवढ्यावर चक्र सुरेल चालणार की कुरकुरणार हे ठरते.

माप सापडले, भाग सापडला नाही. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये ०.४ चे एक चक्र मिळाले, पण ते ३० दातांचे. त्याला आसांतले अंतर १० मिलिमीटर हवे. शेवटी अकोल्यातल्या एका लहानशा लेथवाल्याकडे गेलो. त्यांच्याकडे एवढ्या बारीक दाताचे कटर नव्हते. त्यांनी आमचे २० दातांचे चक्र भिंगाखाली धरले आणि तुटलेल्या ड्रिलचा तुकडा घासून त्या खाचेच्या आकाराचा केला. खरे म्हणजे २० आणि २८ दातांच्या खाचांचा आकार अगदी सारखा नसतो, पण या मापाला तेवढे चालून जाते. मग पितळेच्या गोट्यावर खाचा पाडायला घेतल्या. २८ समान भाग कसे करणार, असे आम्ही विचारले. ते मान वर न करता म्हणाले, "एक फेरी आणि एकवीसच्या चकतीवर नऊ भोकं, सर."

हे गणित वर्गात जरूर घालावे. विभाजकाचा दांडा ४० वेळा फिरवला की काम एकदा फिरते. २८ दातांसाठी दर दाताला ४०/२८, म्हणजे १ पूर्णांक ३/७ फेऱ्या. २१ भोकांच्या चकतीवर ३/७ म्हणजे ९ भोके. अपूर्णांकांचा उपयोग काय असे विचारणाऱ्या सातवीतल्या मुलाला याहून चांगले उत्तर आम्हाला ठाऊक नाही. आमच्याकडे पीएचडी असूनही हा हिशेब आम्ही कागदावर केला.

नवे छिद्र त्यांनी आसाच्या मापाचे ठेवले, घट्ट ठोकायचे नाही, चिकटद्रव्याने धरायचे. कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी गाडी सुरू झाली. आवाज पूर्वीपेक्षा जरा मोठा आहे, पितळेवर पितळ.

भाच्याचे एवढ्यावर समाधान होईना. त्याला आता आपल्या गावची गाडी हवी आहे. शकुंतलेचा तयार संच काही बाजारात मिळत नाही, पण येथे एक गंमत कामी येते. छोट्या रेल्वेचे रूढ प्रमाण १ ला ८७. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिलिमीटर. त्याहून लहान प्रमाणाच्या ज्या गाड्या मिळतात त्यांचे रूळ ९ मिलिमीटरचे असतात. म्हणजे त्यांचा सांगाडा घ्यायचा आणि वर मोठ्या प्रमाणातली नॅरोगेजची काया चढवायची. युरोपातले छंदी लोक डोंगरी गाड्यांसाठी हेच करतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. सहलीत वेळ काढून मुलांना तेथे जरूर न्यावे, नुसते पाहूनही पुष्कळ कळते.

काया चढवायची तर मापे हवीत. रुळांचे रुंदीकरण करण्याची घोषणा २०१६ साली झाली. रुंदीकरण व्हावे, ही आमच्या तालुक्याची जुनी मागणी आहे आणि आमचीही. पण नवे रूळ पडताना जुने उचलले जातात आणि त्यांच्याबरोबर मोजण्याच्या जागाही जातात. फलाटाची उंची, पाण्याच्या नळाचा बाक, सांध्याचे लोखंड हे सारे मुलांनी टेप घेऊन एका दुपारी मोजण्यासारखे आहे. स्टेशन मास्तरांची परवानगी आधी घ्यावी.

इंजिनासाठी आमच्याकडे एक फोटो आहे. १९९४ च्या मार्चमध्ये, डिझेल येणार अशी बातमी फुटल्यावर, वडिलांनी कारंजा स्टेशनवर काढलेला. इंजिन बरोबर आडवे दिसते आणि मोठ्या चाकाला टेकून आम्ही उभे आहोत, आठवीतले, खाकी पँट घालून. तीन महिन्यांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. तिचे कार्ड आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले होते, तेही त्याच पेटीत सापडले. उंची १४८ सेंटिमीटर. भाच्याने फोटोवर ठेवायला पारदर्शक आलेखकागद आणला आहे आणि आम्ही त्या दिवशी पायात बूट घातले होते की चपला, हे तो आम्हाला पुन्हा पुन्हा विचारतो आहे.